कुत्र्याचा मोतीबिंदू पिकण्याची वाट का पाहू नये

कुत्र्याच्या डोळ्यात पांढरट झाक दिसू लागली की ‘मोतीबिंदू पिकू द्या, मग शस्त्रक्रिया करा’ असा सल्ला आजही दिला जातो. डोळ्यातील भिंग अखंड बाहेर काढावे लागत असे, त्या काळात या सल्ल्याला अर्थ होता. अमेरिकी नेत्रतज्ज्ञ चार्ल्स केलमन यांनी १९६७ साली श्राव्यातीत कंपनांनी भिंगाचा चुरा करून तो बारीक छेदातून शोषून घेण्याची पद्धत माणसांवर प्रथम वापरली आणि आज कुत्र्यांचे मोतीबिंदूही याच पद्धतीने काढले जातात. या पद्धतीत भिंग फार कठीण होण्यापूर्वीच शस्त्रक्रिया करणे सोयीचे असते.

अर्थात प्रत्येक पांढरट डोळा मोतीबिंदूचा नसतो. साधारण सात वर्षांच्या पुढे बहुतेक कुत्र्यांच्या भिंगाचा गाभा दाट होऊन निळसर-करडा दिसू लागतो, मात्र त्यातून प्रकाश आत जात राहतो आणि नजर बऱ्यापैकी शाबूत राहते. त्याला शस्त्रक्रिया लागत नाही. बाहुली औषधाने मोठी करून तपासल्यावर तज्ज्ञ पशुवैद्याला हा फरक ओळखता येतो.

वाट पाहणे सर्वांत घातक ठरते ते मधुमेही कुत्र्यांत आणि त्यामागची रासायनिक प्रक्रिया मुळातून समजून घेण्यासारखी आहे. भिंगात रक्तवाहिन्या नसतात. भोवतालच्या द्रवातून येणारे ग्लुकोज हेच त्याचे अन्न आणि ते आत शिरण्यासाठी इन्सुलिनची गरज नसते. त्यामुळे रक्तातील साखर वाढली की भिंगातीलही वाढते. एरवी हेक्सोकायनेज हे विकर (पेशीतील रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन) ग्लुकोजला ऊर्जानिर्मितीच्या मार्गावर नेते, परंतु त्याची क्षमता संपली की उरलेले ग्लुकोज अल्डोज रिडक्टेज या दुसऱ्या विकराच्या ताब्यात जाते आणि त्याचे सॉर्बिटॉल बनते. सॉर्बिटॉल पेशीच्या पटलातून सहजी बाहेर पडत नाही. त्याचे पुढे फ्रुक्टोज होते खरे, पण ते पुरेशा वेगाने होत नसल्याने सॉर्बिटॉल साचत जाते, परासरणाने पाणी आत ओढले जाते, भिंगाचे तंतू फुगतात, फुटतात आणि एकेकाळी काचेसारखे स्वच्छ असलेले भिंग काही आठवड्यांतही दुधी होऊ शकते. मांजरांनाही मधुमेह होतो, तरी त्यांच्यात असा मोतीबिंदू क्वचितच दिसतो, कारण प्रौढ मांजरांच्या भिंगात अल्डोज रिडक्टेजची क्रियाशीलता बरीच कमी असते.

फुगलेल्या भिंगाच्या आवरणातून प्रथिने बाहेर झिरपतात. एरवी आवरणाआड राहणारी ही प्रथिने रोगप्रतिकारशक्तीला परकी वाटतात आणि डोळ्यात दाह सुरू होतो. हा दाह दुर्लक्षित राहिला तर काचबिंदू (डोळ्यातील दाब वाढून नजर जाण्याचा विकार) होऊ शकतो किंवा दृष्टिपटल, म्हणजे डोळ्याच्या मागच्या बाजूचा प्रकाश टिपणारा पडदा, सुटू शकते, आणि मग भिंग काढूनही नजर परत येत नाही. थेंब घालून मोतीबिंदू विरघळवण्याचे दावे करणाऱ्या जाहिराती पुष्कळ आहेत, पण तसे सिद्ध झालेले औषध आज नाही. डोळ्यात मध किंवा झाडपाल्याचा रस घालणे तर निव्वळ अंधश्रद्धा आहे. त्यात संसर्गाचा धोका आहेच, शिवाय मौल्यवान काळही वाया जातो.

शस्त्रक्रियेपूर्वीचा कळीचा प्रश्न असा, की पांढऱ्या भिंगामागचे दृष्टिपटल जिवंत आहे का. बाहुली प्रकाशाला आकसते एवढ्यावरून ते ठरत नाही, कारण दृष्टिपटल बरेच झिजल्यावरही ही प्रतिक्रिया टिकून राहू शकते. म्हणून इलेक्ट्रोरेटिनोग्राफी करतात: प्रकाशाचा झोत टाकून दृष्टिपटलात उमटणारी विद्युत्-लहर मोजली जाते. सोनोग्राफीने दृष्टिपटल सुटले आहे का हे पाहतात. याखेरीज डोळ्यातील दाब, अश्रूंचे प्रमाण, रक्त व लघवी यांची तपासणी होते. कान, दात किंवा कातडीचा संसर्ग असेल तर तो आधी बरा करावा लागतो. मधुमेह असेल तर साखर बऱ्यापैकी स्थिर हवी. शस्त्रक्रियेच्या सकाळचा उपास आणि इन्सुलिनची मात्रा मात्र पशुवैद्याला विचारूनच ठरवावी.

घरची तयारीही तितकीच महत्त्वाची आहे. शस्त्रक्रियेनंतर अनेक आठवडे दिवसातून कित्येकदा थेंब घालावे लागतात, तेव्हा डोके धरून थेंब घालू देण्याची आणि गळ्याभोवती शंकूच्या आकाराचे कवच वागवण्याची सवय आधीपासून लावावी. पट्ट्याऐवजी छातीवरचा हार्नेस वापरावा, कारण पट्टा ओढला गेला की मानेतील शिरांवर दाब येऊन डोळ्यातील दाब वाढतो. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही तासांत हा दाब आपोआपही चढू शकतो, म्हणून तो वारंवार मोजतात.

दृष्टिपटल निकामी असल्याने शस्त्रक्रिया नाकारली गेली, तरी उपचार संपत नाहीत. मोतीबिंदू डोळ्यात तसाच राहणार असल्याने दाह रोखणारे थेंब आणि दाबाची नियमित तपासणी पुढेही चालू ठेवावी लागते.