रंगाचं पाणी आणि सोडणाचा भुसा

पायपुसणी रंगवणाऱ्यांना वेगळं सांगायला नको, काथ्या रंग पटकन धरतो. नारळाची सोडणं, म्हणजे वरची जाड सालं, झोडून काथ्या काढल्यावर खाली उरणारा भुसाही तसाच धरतो. तोच आम्ही धुऊन, वाळवून, चाळून देतो. रंगवून उरलेलं पाणी व्हाळात, म्हणजे ओढ्यात, सोडण्याआधी त्यातला रंग उतरवायला.

रंग भुशाच्या अंगाला चिकटून बसतो. पाण्यात भिजलेल्या भुशावर ऋण भार येतो. मिथिलीन ब्लू, मॅलेकाइट ग्रीन असे ‘बेसिक’ गटातले रंग धन भाराचे, म्हणून ते ओढले जातात. सुती कापडाचे रिॲक्टिव्ह रंग ऋण भाराचे. त्यांना भुसा दूर लोटतो. पाणी आम्लधर्मी केलं तर थोडेफार बसतात, पण मग तेच पाणी चुना घालून पुन्हा ठीक करत बसायचं! म्हणून रिॲक्टिव्हवाल्यांना आम्ही सांगतो, आधी पाण्याचा नमुना आणा, पोतं मागाहून न्या.

नमुना घरीही बघता येईल. लीटरभर रंगाच्या पाण्यात 10 ग्रॅम भुसा घाला, तासभर अधूनमधून ढवळा, फडक्यातून गाळा आणि काचेच्या ग्लासात मूळ पाण्याशेजारी पांढऱ्या कागदापुढे धरा. दुसऱ्या भांड्यात तेवढाच भुसा साध्या पाण्यात ठेवा, हे विसरू नका. सोडणाचा स्वतःचा तांबूस रंग उतरतो आणि माणूस उगाच भुशाला नावं ठेवतो. खाडीत कुजवलेल्या सोडणांचा भुसा तर खारटही असतो. बाहेर स्वस्त मिळाला तर तो गोड्या पाण्यात किती वेळा धुतलाय, ते विचारून घ्या.

काजूची टरफलं फुकट पडलीत, ती का नाही वापरत, असं बरेच जण विचारतात. कच्च्या टरफलातलं तेल कातडी भाजतं. ते पाण्यात कशाला उतरवायचं?

रंगवताना घातलेलं मीठ भुसा काढत नाही. पाणी नितळ दिसलं तरी ते विहिरीजवळ किंवा वाफ्यात सोडू नका.

वापरलेला भुसा माडाच्या आळ्यात तर मुळीच नको. पावसात रंग परत सुटतो. छपराखाली पोत्यात भरून ठेवा, पोत्यावर रंगाचं नाव लिहा आणि विल्हेवाटीचं प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयात विचारा. नाव नसेल तर तिथे पहिला प्रश्न तोच येईल.