असेला

हिमालयातील थंड, खळाळत्या नद्यांमध्ये राहणारा गोड्या पाण्याचा मासा. शास्त्रीय नाव शायझोथोरॅक्स रिचर्डसनाय. ग्रे या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने १८३२ मध्ये त्याचे प्रथम वर्णन केले. कुमाऊँ-गढवालात त्याला असेला, तर नेपाळात असला म्हणतात. इंग्रजीत ‘स्नो ट्राउट’ म्हटले जात असले, तरी त्याचे कुल ट्राउटचे नसून रोहू-कटल्यांचे, म्हणजे सायप्रिनिडी आहे.

अंग लांबट आणि गोलसर, पाठ करडी, पोट रुपेरी व खवले अतिशय बारीक. फक्त गुदद्वाराच्या दोन्ही बाजूंना मोठ्या खवल्यांची एकेक रांग असते आणि त्यांच्यामध्ये चीर दिसते. लांबी ६० सेंमी.पर्यंत भरू शकते, पण जाळ्यात सापडतात ते बहुधा बरेच लहान.

खरी नवलाई त्याच्या तोंडात आहे. ते खालच्या अंगाला, आडवे असते. खालच्या ओठामागे बारीक उंचवट्यांची चकती असून तिच्या आधाराने मासा वाहत्या पाण्यात धोंड्याला चिकटून राहतो आणि जबड्याच्या कडक धारेने त्यावरचे शेवाळ व डायाटम (सूक्ष्म एकपेशीय शैवाल) खरवडतो. जबड्याला दात नसतात. ते घशात, तीन ओळींत असतात. खाणे असे धोंड्यांवरचे असल्याने धोंडे गाळाखाली गेले की त्याचे अन्नच संपते. धरणांचा त्याला दुहेरी फटका बसतो: जलाशयाचा तळ गाळाने भरतो आणि विणीसाठी वरच्या उपनद्यांकडे जाण्याची वाटही अडते. अंडी तो स्वच्छ, उथळ पाण्यातल्या वाळू-गोट्यांत घालतो. नदीपात्रातला वाळू-गोट्यांचा उपसा नेमका तिथेच चालतो.

जौनपूर भागात (टिहरी गढवाल) पावसाळ्याच्या तोंडावर अगलाड नदीत मौण मेळा भरतो. टिमरूच्या सालीची पूड पाण्यात ओततात, मासे गुंगतात आणि गावेच्या गावे जाळी घेऊन पात्रात उतरतात. टिमरू हा आपल्या तिरफळाच्याच प्रजातीतला. गोव्यात तिरफळ बांगड्याच्या हुमणात पडते, इथे टिमरू थेट नदीत! मासे मारण्यासाठी वापरली जाणारी ब्लीचिंग पावडर आणि सुरुंग यांच्यापुढे ही जुनी रीत बरीच सौम्य म्हणावी लागेल.

इंग्रजांनी गळाच्या हौसेसाठी १९०० च्या सुमारास काश्मीरच्या नद्यांत ब्राउन ट्राउट सोडला. तो शिकारी मासा असेल्याची पिल्ले खातो. आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या लाल यादीत असेल्याची नोंद ‘असुरक्षित’ अशी आहे. भीमतालच्या शीतजल मत्स्यसंशोधन संस्थेने त्याचे कृत्रिम प्रजनन साधले आहे. मात्र वाढ फार संथ असल्याने मत्स्यपालकांची पसंती रेनबो ट्राउटलाच मिळते.