जेलब्रेक आणि अनधिकृत ॲप इन्स्टॉलर

आयओएस प्रणालीतली एखादी सुरक्षात्रुटी वापरून आयफोनवरची ॲपलची बंधने काढून टाकण्याला जेलब्रेक म्हणतात. तो केल्यावर ॲप स्टोअरबाहेरची सॉफ्टवेअर फोनवर चालतात आणि प्रणालीच्या अंतर्भागातही बदल करता येतात. अँड्रॉइडवर याच्या जवळपास जाणारा प्रकार म्हणजे फोन रूट करणे, अर्थात प्रणालीवर पूर्ण अधिकार मिळवणे. मात्र अँड्रॉइडवर बाहेरचे ॲप टाकायला रूट लागत नाही. सेटिंगमध्ये परवानगी दिली की ॲपची एपीके फाइल इन्स्टॉल होते. आयफोनवर तशी सोय नव्हती, म्हणून ही खटपट तिथेच वाढली.

नावातला ‘जेल’ युनिक्स या संगणक प्रणालीतून आला. एखाद्या प्रोग्रॅमला एकाच फोल्डरपुरते डांबून ठेवण्याला तिथे जेल म्हणतात. पहिला आयफोन केबलने संगणकाला जोडला की संगणकाला फक्त ‘मीडिया’ हे फोल्डर दिसे, बाकी सगळे झाकलेले. त्या फोल्डरबाहेर पडणे हा मूळ जेलब्रेक. फोन २९ जून २००७ रोजी विक्रीला आला आणि काही आठवड्यांतच हे जमले. ॲप स्टोअर सुरू झाले ते जुलै २००८ मध्ये. म्हणजे आयफोनसाठी बाहेरच्या लोकांनी लिहिलेली पहिली ॲप जेलब्रेक केलेल्या फोनवरच चालली. या उद्योगाला नुसती चोरवाट म्हणून हिणवणाऱ्यांनी हा क्रम लक्षात घ्यावा.

आयओएसची मुख्य कुलपे दोन. फोनवर चालणाऱ्या प्रत्येक प्रोग्रॅमला ॲपलला मान्य असलेली डिजिटल सही लागते, आणि प्रत्येक ॲप स्वतःच्या बंद खोलीत, म्हणजे सँडबॉक्समध्ये राहते. जेलब्रेक प्रणालीच्या गाभ्यापर्यंत, म्हणजे कर्नलपर्यंत पोचून या दोन्ही तपासण्या निकामी करतो. फोन रीस्टार्ट केल्यावरही परिणाम टिकला तर तो अनटेदर्ड. संगणकाला जोडल्याशिवाय फोन सुरूच होत नसेल तर टेदर्ड. हल्लीचे बहुतेक प्रकार यांच्या मधले आहेत: फोन नेहमीसारखा सुरू होतो, पण जेलब्रेक उतरलेला असतो आणि तो पुन्हा चढवावा लागतो. त्रुटी सापडली की ॲपल पुढच्या अपडेटमध्ये ती बुजवते. सप्टेंबर २०१९ मध्ये उघड झालेली ‘चेकमेट’ त्रुटी याला अपवाद ठरली. ती चिपमधल्या न बदलता येणाऱ्या बूटरॉममध्ये, म्हणजे फोन सुरू होताना सर्वांत आधी चालणाऱ्या कोडमध्ये असल्याने आयफोन ४एसपासून आयफोन एक्सपर्यंतच्या फोनमधून अपडेटने काढता येत नाही.

कुलूप निघाल्यावर खरा प्रश्न उभा राहतो: आता सॉफ्टवेअर आणायचे कुठून? सुरुवातीला ‘इन्स्टॉलर’ नावाचेच ॲप होते. २००८ मध्ये जे फ्रीमन यांनी ‘सिडिया’ आणले आणि पुढची अनेक वर्षे जेलब्रेक म्हणजे सिडिया असे समीकरण राहिले. सफरचंद पोखरणाऱ्या अळीच्या पतंगाचे शास्त्रीय नाव सिडिया पोमोनेला. नाव तिथून घेतले. आतली यंत्रणा डेबियन लिनक्सची एपीटी, म्हणजे सॉफ्टवेअर उतरवून बसवणारी. वापरणारा रेपोचा, म्हणजे सॉफ्टवेअरच्या ऑनलाइन साठ्याचा पत्ता टाकतो, यादी ताजी होते, हवे ते पॅकेज निवडले की त्याला लागणारी इतर पॅकेजेसही आपोआप उतरतात. ‘सिलिओ’ आणि ‘झेब्रा’ हे नंतरचे इन्स्टॉलर याच पद्धतीने चालतात.

इन्स्टॉलर कोणता, यापेक्षा त्यात कोणाचे रेपो जोडले, याला जास्त महत्त्व आहे. रेपो कोणालाही उघडता येतो, आणि तिथून आलेल्या ट्वीकला, म्हणजे प्रणालीत फेरफार करणाऱ्या छोट्या सॉफ्टवेअरला, सँडबॉक्सची भिंत आडवी येत नाही. २०१५ मध्ये सापडलेल्या ‘कीरेडर’ मालवेअरने जेलब्रेक केलेल्या फोनमधून सव्वादोन लाखांहून अधिक ॲपल खात्यांची माहिती चोरली. पैशांची ॲप फुकट मिळवून देणाऱ्या ट्वीकमध्ये ते दडवलेले होते. त्यामुळे फुकट्या ॲपचे रेपो टाळणे ही पहिली खबरदारी. साधने मूळ लेखकाच्या पानावरूनच घ्यावीत, आणि स्रोत उघड असेल तर उत्तम. एसएसएच, म्हणजे दुसऱ्या संगणकावरून फोनमध्ये शिरायची सोय, चालू केली असेल तर पासवर्ड लगेच बदलावा. पूर्वी सगळ्या आयफोनचा मूळ पासवर्ड ‘अल्पाइन’ हाच होता. २००९ मध्ये ‘आयकी’ नावाचा वर्म, म्हणजे आपोआप पसरणारा मालवेअर, तेवढ्या भांडवलावर फोनमागून फोनमध्ये शिरला आणि वॉलपेपर बदलत गेला. बँकेची ॲप जेलब्रेक केलेल्या फोनवर अनेकदा उघडतच नाहीत, हेही आधीच गृहीत धरावे.

धोक्याची दुसरी बाजूही आहे. २०११ मधला ‘जेलब्रेकमी’ पीडीएफमधल्या त्रुटीवर चालत असे. वेब पान उघडून एक बटण दाबले की काम होई. तीच त्रुटी कोणी वाईट हेतूनेही वापरू शकला असता. जेलब्रेकमीच्या कर्त्याने ती बुजवणारे पॅकेज सोबतच सिडियावर ठेवले. ॲपलची दुरुस्ती येईपर्यंत ते भोक बंद करायची सोय फक्त जेलब्रेक केलेल्या फोनना होती.

जेलब्रेक न करता ॲप टाकण्याला साइडलोडिंग म्हणतात. २०१९ मध्ये आलेले ‘आल्टस्टोअर’ वापरणाऱ्याच्या स्वतःच्या ॲपल खात्याने ॲपवर सही करते. मोफत खात्याची सही ७ दिवस टिकते आणि एका वेळी ३ ॲपच चालतात. आठवडा उलटला आणि सही ताजी करायची राहिली, तर चिन्ह जागच्या जागी दिसते, पण ॲप उघडत नाही. कंपन्यांना अंतर्गत वापरासाठी मिळणाऱ्या प्रमाणपत्रांवर सही करून देणारे इन्स्टॉलर त्याहून बेभरवशाचे: ॲपलने प्रमाणपत्र रद्द केले की त्यावरची सगळी ॲप एकदम बंद पडतात. शिवाय सही करणाऱ्याने मूळ ॲपमध्ये काय मिसळले, हे कळायला मार्ग नसतो.

अमेरिकेत जुलै २०१० पासून कॉपीराइट कायद्यातील सवलतीमुळे फोनचा जेलब्रेक कायदेशीर आहे. तरीही अशा फोनची सेवा ॲपल नाकारू शकते. युरोपीय संघात डिजिटल मार्केट्स कायद्यामुळे मार्च २०२४ मध्ये आयओएस १७.४ पासून ॲपची इतर दुकाने अधिकृतपणे चालू झाली. तिथल्या ॲपनाही आधी ॲपलची तपासणी पार करून तिची सही घ्यावी लागते.