व्हिडिओ गेम सेव्ह (जुन्या कन्सोलवरील)

खेळ जिथे थांबवला तिथूनच पुढे सुरू करता यावा म्हणून कन्सोल जी नोंद जपून ठेवतो, ती म्हणजे सेव्ह. जुन्या यंत्रांत ती विजेच्या भरवशावर असे. त्यामुळे ‘सेव्ह उडाला’ या तक्रारीच्या मुळाशी बहुतेक वेळा वीजच सापडते.

1990 च्या दशकात सांगली-मिरजेत ‘टीव्ही गेम’ म्हणून घरोघरी आलेली यंत्रे बहुतांशी निन्टेन्डो या जपानी कंपनीच्या फॅमिकॉम कन्सोलच्या नकला होत्या. त्यांच्या कॅसेटवर खेळांचा आकडा लाखांत छापलेला असे, पण सेव्हची सोय मात्र नसे. लाइट गेली की मारिओ पुन्हा पहिल्या पायरीवर. भारनियमनाच्या दिवसांत शेवट गाठणे हे कौशल्याइतकेच वेळापत्रकाचे काम होते.

मूळ कंपनीच्या काही कॅसेटींत घड्याळासारखा 3 व्होल्टचा चपटा सेल असतो. अमेरिकेत 1987 मध्ये आलेली ‘द लेजंड ऑफ झेल्डा’ ही त्यांतली गाजलेली कॅसेट. यंत्र बंद असताना हा सेल सेव्ह साठवणाऱ्या एसरॅम चिपला जिवंत ठेवतो. तो साधारण 15–20 वर्षे, कधी त्याहून जास्त टिकतो. संपताना सहसा कसलीही सूचना देत नाही, फक्त एके दिवशी सेव्हची जागा रिकामी दिसते. ‘पोकेमॉन गोल्ड’ आणि ‘सिल्व्हर’मध्ये तोच सेल खेळातले घड्याळही चालवतो, म्हणून तो लवकर संपतो. उलट ‘रूबी’ आणि ‘सफायर’मध्ये सेव्ह विजेशिवाय नोंद टिकवणाऱ्या फ्लॅश चिपवर असतो. तिथे बॅटरी संपल्याचा संदेश आला तर फक्त घड्याळ थांबलेले असते. घाबरून नवा खेळ सुरू करून जुन्यावर सेव्ह करणे हीच खरी चूक.

सेल बदलणे घड्याळाइतके सोपे नाही. तो धातूच्या पट्ट्यांनी जोडलेला असतो आणि सोल्डरिंग करून काढावा लागतो. काढला की नोंद पुसली जाते, त्यामुळे आधी कॅसेट वाचणाऱ्या रीडर यंत्राने सेव्हची प्रत काढून ठेवणे शहाणपणाचे.

सोनीच्या प्लेस्टेशनमध्ये सेव्हसाठी मेमरी कार्ड असे : पहिल्या प्लेस्टेशनचे 128 केबी, 15 ब्लॉकांचे (कप्प्यांचे), दुसऱ्याचे 8 एमबी. यांना सेल लागत नाही, पण लिहिणे चालू असताना लाइट गेली किंवा कार्ड उपसले तर नोंद बिघडते. तासावर चालणाऱ्या गेम पार्लरमध्ये धोका वेगळाच. सामाईक कार्डावर मागचा मुलगा आपल्या नोंदीवर स्वतःची नोंद लिहून जाई.

कॅसेट लागली नाही की तिच्यात फुंकर मारण्याची सवय सर्वांचीच. पण तोंडातल्या ओलाव्याने पट्ट्या गंजतात. कापूस आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल बरे.

पुराचे पाणी याहून वाईट. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेने आयर्विन पुलाजवळची 45 फुटांची धोका पातळी ओलांडली आणि सांगलीत अनेक घरांत पाणी शिरले. अशा पाण्यात बुडालेल्या कॅसेटीत सेलचा प्रवाह चालूच राहतो आणि तांब्याच्या रेषा भराभर खाल्ल्या जातात. म्हणून ती चालू करून बघण्याआधी उघडून सेल काढावा. सेव्ह जातो, पण खेळाची मूळ चिप धुऊन-वाळवून बहुधा पुन्हा चालते.