ट्यूब हेडफोन ॲम्प्लिफायरमधील हम

ट्यूब (निर्वात नळी) वापरणारा हेडफोन ॲम्प्लिफायर चालू आहे, गाणे मात्र थांबलेले आहे, अशा वेळी कानात खालच्या पट्टीतला जो एकसुरी, संथ घुमारा ऐकू येतो त्याला ‘हम’ म्हणतात. त्याचे मूळ घरातल्या विजेत असते. वीज ५० हर्ट्झची असेल तर हम ५० किंवा १०० हर्ट्झचा असतो. ६० हर्ट्झच्या देशांत तो ६० किंवा १२० हर्ट्झचा होतो. ट्यूबच्या यंत्रात हम पूर्णपणे नाहीसा होत नाही, पण ऐकू येणार नाही इतका खाली नेता येतो. तो शिरण्याच्या वाटा मोजक्या आहेत: हीटर (ट्यूब तापवणारी तार), वीजपुरवठ्यातली लहर (डीसीत उरलेला एसीचा चढउतार), अर्थची (ग्राउंडची) जोडणी, ट्रान्स्फॉर्मरचे चुंबकीय क्षेत्र आणि ॲम्प्लिफायरबाहेरची उपकरणे. यातली वाट कोणती हे न पाहता महागड्या ट्यूब किंवा मोठे कपॅसिटर आणण्याची सवय या छंदात फार आढळते, आणि त्यातला बराच पैसा वाया जातो.

हेडफोनमध्ये हम जास्त का ऐकू येतो

३२ ओहमचा, एका मिलिवॉटला १०० डेसिबल आवाज देणारा हेडफोन घेऊ. त्याला एक मिलिवॉट देण्यासाठी ०.१८ व्होल्ट लागतात. म्हणजे ॲम्प्लिफायरच्या आउटपुटवर फक्त एक मिलिव्होल्ट हम असला, तरी कानात सुमारे ५५ डेसिबलचा आवाज होतो. २.८३ व्होल्टला एक मीटरवर ९० डेसिबल देणाऱ्या स्पीकरला तोच एक मिलिव्होल्ट दिला तर २१ डेसिबल होतात, आणि शांत खोलीतही ते कोणाला जाणवणार नाहीत. स्पीकरसाठी उत्तम ठरलेले सर्किट हेडफोनला जोडल्यावर घुमू लागते ते यामुळेच.

कानाची संवेदनशीलताही इथे महत्त्वाची आहे. ५० हर्ट्झचा स्वर ऐकू येण्यासाठी साधारण ४४ डेसिबल लागतात, तर १०० हर्ट्झला २६-२७ डेसिबल पुरतात. त्यामुळे व्होल्टेज सारखे असले तरी १०० हर्ट्झचा हम कितीतरी जास्त टोचतो. वरच्या हेडफोनमध्ये तो अजिबात ऐकू येऊ नये असे वाटत असेल, तर आउटपुटवर ०.०४ मिलिव्होल्टपेक्षाही कमी हम असायला हवा. तितक्याच संवेदनशीलतेच्या ३०० ओहमच्या हेडफोनला जवळपास दहा डेसिबलची सवलत मिळते. कानात घालायच्या संवेदनशील इयरफोनला मात्र उलट आणखी कडक निकष लावावा लागतो. म्हणून ‘हा ॲम्प हम करतो’ या तक्रारीला, हेडफोन कोणता हे कळल्याशिवाय फारसा अर्थ नसतो.

स्वरावरून अंदाज

निव्वळ ५० हर्ट्झचा मऊ घुमारा बहुधा हीटरमधून किंवा चुंबकीय क्षेत्रातून येतो. फुल-वेव्ह रेक्टिफायरनंतरची (एसीचे डीसी करणाऱ्या भागानंतरची) लहर १०० हर्ट्झची असते, म्हणून त्या स्वराचा हम ऐकू आला की आधी वीजपुरवठ्याकडे पाहावे. आवाजाला धार असेल, माशी अडकल्यासारखी घरघर असेल, तर त्यात मूळ वारंवारतेच्या पटीतले वरचे अनेक स्वर मिसळलेले असतात. अशी घरघर रेक्टिफायरच्या चार्जिंग झटक्यांमुळे, अर्थ लूपमुळे (दोन उपकरणांचे अर्थ दोन वाटांनी जोडले जाऊन झालेल्या वेढ्यामुळे) किंवा जवळच्या लाइट डिमरमुळे होते. कानाचा भरवसा वाटत नसेल तर मोबाइलवरचे स्पेक्ट्रम दाखवणारे ॲप हेडफोनच्या कपाजवळ धरावे. मोबाइलचा माइक खालच्या पट्टीत कमजोर असला, तरी ५० आणि १०० यांतला फरक त्यात सहसा कळतो.

तपासाचा क्रम

आधी सुरक्षितता. या यंत्रांत साधारण १५० ते ३०० व्होल्ट डीसी असतात, आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटर बराच वेळ भारित राहू शकतात. ते ब्लीडर रेझिस्टरने उतरवावेत आणि मीटरने खात्री करूनच हात घालावा. उघड्या यंत्रात काम चालू असताना हेडफोन डोक्यावर ठेवू नये. आउटपुट ट्रान्स्फॉर्मर नसलेल्या ओटीएल सर्किटमध्ये कानाकडचे मोठे व्होल्टेज अडवायला एक कपलिंग कपॅसिटरच असतो, आणि तो बिघडला तर मध्ये दुसरे काही उरत नाही. आउटपुटला रेझिस्टर लावून मिलिव्होल्टमीटरवर मोजणे उत्तम. ते जमत नसेल तर जुना, स्वस्त हेडफोन टेबलावर ठेवून दुरून ऐकावे.

पहिली चाचणी फुकटची आहे. इनपुटची केबल काढावी आणि तिथे शॉर्टिंग प्लग (इनपुटची दोन टोके आपसात जोडणारा प्लग) लावावा. इनपुट उघडे ठेवून ऐकलेला हम पुराव्यात धरू नये. उघडे इनपुट अँटेनासारखे वागते आणि तिथे हम येणारच. प्लग लावल्यावर शांतता झाली, तर दोष ॲम्पमध्ये नाही, तो केबलमध्ये किंवा मागच्या उपकरणात आहे. मागचे उपकरण लॅपटॉप असेल आणि तो चार्जरवरून काढून बॅटरीवर चालवल्यावर हम गेला, तर अर्थ लूप जवळपास सिद्ध झालाच.

प्लग लावूनही हम राहिला तर व्हॉल्यूम फिरवून पाहावे. फिरवल्याने काहीच बदलत नसेल तर हम व्हॉल्यूम पॉटच्या (नॉबमागच्या बदलत्या रेझिस्टरच्या) पुढच्या भागात शिरतो. शून्यावर शांत, मध्ये मोठा आणि शेवटी पुन्हा शांत, अशी तऱ्हा असेल तर तो पहिल्या ट्यूबच्या ग्रिडकडे (सिग्नल घेणाऱ्या जाळीकडे) जाणाऱ्या तारेत उचलला जातो आहे. १०० किलोओहमच्या पॉटच्या विद्युत मध्यावर ग्रिडला समोर २५ किलोओहमचा रोध दिसतो, तर दोन्ही टोकांना जवळपास शून्य. रोध जितका जास्त, तितकी शेजारच्या एसी तारेतून होणारी कपॅसिटिव्ह उचल जास्त. लॉग पॉटमध्ये (ज्याचा रोध नॉबबरोबर समप्रमाणात बदलत नाही) हा विद्युत मध्य नॉबच्या मध्यावर नसतो, बराच उजवीकडे असतो. हे ठाऊक नसेल तर चाचणीचा अर्थ चुकीचा लावला जातो. उपाय सोपा आहे: ती तार आखूड करावी, शील्डेड घ्यावी आणि हीटरच्या तारांपासून दूर न्यावी.

यानंतर डावी-उजवी ट्यूब आपसात बदलावी. हम ट्यूबबरोबर दुसऱ्या बाजूला गेला तर ट्यूब दोषी, जागेवरच राहिला तर वायरिंग दोषी. शेवटी स्विच बंद करून ऐकावे. ट्यूब गरम आणि कपॅसिटर भारित असल्याने गाणे आणखी काही सेकंद चालू राहते. त्या काही सेकंदांतही हम चालूच असेल तर तो बाहेरून येतो आहे. स्विचबरोबर तत्क्षणी थांबला तर तो याच यंत्राच्या वीजपुरवठ्याचा, हीटरचा किंवा ट्रान्स्फॉर्मरचा आहे.

हीटर

रेडिओच्या सुरुवातीच्या ट्यूब बॅटरीवर तापवल्या जात, त्यामुळे हा प्रश्नच नव्हता. १९२७ मध्ये आरसीएची यूवाय-२२७ ही ट्यूब आली. तिच्यात हीटर वेगळा आणि त्याभोवती कॅथोडची (इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या भागाची) नळी अशी रचना होती, आणि त्यामुळे भिंतीतल्या एसीवर ट्यूब तापवणे व्यवहार्य झाले. मात्र हीटर आणि कॅथोड यांच्यातला थर पूर्ण रोधक नसतो, आणि हीटरचे क्षेत्र ग्रिडपर्यंतही पोहोचते. ३००बीसारख्या ट्यूबमध्ये फिलामेंट (तापणारी तार) हाच कॅथोड असतो, त्यामुळे तिथे डीसी हीटिंग जवळपास अटळ ठरते.

६.३ व्होल्ट एसी हीटरसाठी पहिला नियम असा की दोन्ही तारा घट्ट पिळाव्यात, चेसिसच्या (यंत्राच्या धातूच्या सांगाड्याच्या) कोपऱ्याला चिकटवून न्याव्यात आणि ग्रिडच्या तारेला ओलांडायचेच असेल तर काटकोनात ओलांडावे. दुसरा नियम असा की ट्रान्स्फॉर्मरचे हीटर वाइंडिंग (वेटोळे) हवेत लोंबकळत, म्हणजे अर्थशी न जोडता, ठेवू नये. त्याचा मध्य टॅप (वेटोळ्याच्या मधून काढलेली तार) अर्थला जोडावा, आणि तो नसेल तर १००-१०० ओहमचे दोन रेझिस्टर लावून कृत्रिम मध्य करावा. स्वस्त यंत्रांत हे दोन रेझिस्टर वाचवलेले असतात, आणि चालू यंत्रातला हम त्यांनी जितका उतरतो तितका महागड्या ट्यूबने क्वचितच उतरतो.

त्याच मध्यबिंदूला ४० ते ६० व्होल्ट धन डीसी देण्याला हीटर वर उचलणे म्हणतात. हीटर कॅथोडपेक्षा धन झाला की त्यातून कॅथोडकडे जाणारी गळती खूप घटते. कॅथोड फॉलोअरमध्ये (आउटपुट कॅथोडवरून घेणाऱ्या टप्प्यात) याचा दुसराही उपयोग आहे. तिथे कॅथोडच शंभराच्या आसपास व्होल्टवर बसलेला असतो, आणि हीटर-कॅथोड फरकाला ट्यूबनुसार मर्यादा असते. ईसीसी८३ साठी ती १८० व्होल्ट आहे.

हीटर डीसीवर नेला की प्रश्न मिटला, हा समज निम्माच खरा आहे. नीट स्थिरीकरण केलेले डीसी नक्कीच शांत असते. पण ब्रिज (चार डायोडचा रेक्टिफायर) आणि एक मोठा कपॅसिटर एवढेच लावले तर ५० हर्ट्झच्या मऊ हमच्या जागी १०० हर्ट्झची बोचरी घरघर येऊ शकते. शिवाय ट्रान्स्फॉर्मरच्या वाइंडिंगवर डीसी प्रवाहाच्या साधारण पावणेदोनपट भार पडतो. हा खर्च करण्याआधी वाइंडिंग सोडवून हीटर थोडा वेळ सहा व्होल्टच्या लेड-ॲसिड बॅटरीवर चालवून पाहावा. हम तसाच राहिला तर हीटर निर्दोष आहे, आणि सोल्डरिंगचा एक दिवस वाचला.

ट्यूब बनवणाऱ्यांनीही यावर काम केले होते. युरोपातल्या ईएफ८६ मध्ये हीटरची तार दुपदरी गुंडाळलेली असते, म्हणजे शेजारच्या दोन पदरांची चुंबकीय क्षेत्रे एकमेकांना मारतात. १२एएक्स७ ची ७०२५ ही आवृत्तीही कमी हमसाठी काढली होती.

वीजपुरवठ्यातली लहर

ओटीएल हेडफोन ॲम्पमध्ये ६एएस७ किंवा ६०८० ही ट्यूब फार वापरली जाते. ती मुळात वीजपुरवठ्याच्या रेग्युलेटरसाठी घडवलेली, म्हणून तिचा अंतर्गत रोध जेमतेम २८० ओहम आहे आणि कमी व्होल्टेजवर ती भरपूर प्रवाह देते. गोम अशी की तिचा विवर्धनांक (सिग्नल किती पट वाढवू शकते तो आकडा) फक्त २ आहे. चांगल्या ट्यूबचा कॅथोड फॉलोअर प्लेटवरची (वीजपुरवठ्याकडच्या टोकावरची) लहर पुष्कळ दाबतो, ही मात्र ३०० ओहमच्या हेडफोनवर तिचा जवळपास चौथा हिस्सा तशीच पुढे सोडते.

एक हिशेब पाहू. प्रवाह १०० मिलिॲम्पिअर आणि पहिला कपॅसिटर १०० मायक्रोफॅरड असेल, तर त्यावर साधारण दहा व्होल्टची लहर असते. पुढे १० हेन्रीचा चोक (लहर अडवणारे लोखंडी गाभ्याचे वेटोळे) आणि आणखी १०० मायक्रोफॅरड लावले की १०० हर्ट्झला लहर सुमारे ४०० पट घटते आणि २५ मिलिव्होल्टवर येते. आरएमएस (परिणामी सरासरी) मोजमापात हे पाच-सहा मिलिव्होल्ट झाले. त्यातला चौथा हिस्सा, म्हणजे दीड मिलिव्होल्टच्या आसपास, हेडफोनला पोहोचतो. ३०० ओहमच्या, मिलिवॉटला १०० डेसिबल देणाऱ्या हेडफोनमध्ये त्याचे ४८ डेसिबल होतात, आणि ते स्पष्ट ऐकू येतात. म्हणजे चोक लावूनही काम अर्धेच झाले. आणखी एक चोक-कपॅसिटरचा टप्पा किंवा मॉसफेटचा कपॅसिटर मल्टिप्लायर (ट्रान्झिस्टरने कपॅसिटरचा परिणाम वाढवणारे सर्किट) घालावाच लागतो. पहिल्या ट्यूबला दोन-तीन मिलिॲम्पिअरच लागतात, म्हणून तिच्यासाठी १० किलोओहम आणि ४७ मायक्रोफॅरडचा वेगळा टप्पा पुरतो. तोही जवळपास ३०० पट गाळतो. जुन्या यंत्रात हम हळूहळू वाढत गेला असेल तर वाळलेला इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर हा पहिला संशयित.

अर्थची जोडणी

रेक्टिफायर पहिला कपॅसिटर सतत भरत नाही, थोड्या वेळात मोठ्या झटक्यांनी भरतो. अर्धा चौरस मिलिमीटर जाडीच्या दहा सेंटिमीटर तांब्याच्या तारेचा रोध साडेतीन मिलिओहम असतो. तिच्यातून अर्ध्या ॲम्पिअरचा झटका गेला की तिच्या दोन टोकांत पावणेदोन मिलिव्होल्टचा फरक पडतो. इनपुटचा अर्थ त्याच तारेवर कुठेतरी जोडलेला असेल तर हा फरक थेट गाण्यात मिसळतो, आणि पुढे कितीही फिल्टर लावले तरी जात नाही. म्हणून पहिल्या कपॅसिटरचे ऋण टोक सरळ ट्रान्स्फॉर्मरच्या मध्य टॅपला किंवा ब्रिजला जोडावे आणि पुढच्या सर्किटसाठी त्या कपॅसिटरवरूनच एक वेगळी तार काढावी. हेडफोन सॉकेटचा परतीचा टोक चेसिसपासून अलग ठेवून आउटपुट टप्प्याच्या अर्थला न्यावा.

अर्थ लूपवर ‘प्लगमधली अर्थ पिन काढून टाका’ असा सल्ला सर्रास दिला जातो. तो पाळू नये. ट्रान्स्फॉर्मरचे इन्सुलेशन फुटले तर धातूचे चेसिस, आणि हेडफोन घातलेला माणूस, थेट विजेच्या वाटेत येतो. चेसिस नेहमी अर्थला घट्ट जोडलेले असावे. सर्किटचा अर्थ चेसिसला जोडताना मध्ये १० ओहमचा रेझिस्टर आणि त्याला समांतर उलटसुलट जाड डायोड लावले की लूपचा प्रवाह कमी होतो आणि दोष आल्यास डायोड त्याला वाट देतात. यूएसबी आयसोलेटर किंवा सिग्नलचा आयसोलेशन ट्रान्स्फॉर्मर (दोन उपकरणांतली थेट विद्युत जोडणी तोडणारे) हेही रीतसर मार्ग आहेत.

ट्रान्स्फॉर्मरचे क्षेत्र

आउटपुट ट्रान्स्फॉर्मर असलेल्या यंत्रात वीज ट्रान्स्फॉर्मरचे चुंबकीय क्षेत्र त्यात शिरते. जागा ठरवण्याची जुनी पद्धत आजही सर्वांत चांगली आहे: चेसिसला भोके पाडण्याआधी आउटपुट ट्रान्स्फॉर्मरला फक्त हेडफोन जोडावा, वीज ट्रान्स्फॉर्मर एकटा चालू करावा आणि आउटपुटचा ट्रान्स्फॉर्मर फिरवत सर्वांत शांत कोन शोधावा. ॲल्युमिनियमचा पत्रा या क्षेत्राला अडवत नाही. त्यासाठी अंतर हवे किंवा म्यू-मेटल (चुंबकीय क्षेत्र अडवणारा मिश्रधातू). ट्रान्स्फॉर्मरचे शरीरच घुमत असेल, हेडफोन काढल्यावरही टेबलावरून आवाज येत असेल, तर ती निराळी, यांत्रिक बाब आहे. टोरॉइड (कड्याच्या आकाराच्या) ट्रान्स्फॉर्मरमध्ये विजेत मिसळलेल्या थोड्याशा डीसीमुळेही असे होते.

मोजमाप

विकत घेताना माहितीपत्रकातला नॉइजचा आकडा ‘ए-वेटेड’ आहे का ते पाहावे. हे वेटिंग ५० हर्ट्झचा वाटा ३० डेसिबलने आणि १०० हर्ट्झचा १९ डेसिबलने कमी धरते, त्यामुळे हम करणारे यंत्रही कागदावर शांत दिसू शकते. वेटिंग न लावलेला आकडा, किंवा ५० ते ३०० हर्ट्झमधल्या रेषा दाखवणारा स्पेक्ट्रम, हाच हमबद्दल खरे सांगतो.