पदवीचे संशोधन आणि पंचाहत्तर टक्क्यांची अट

संशोधन हे एम.एस्सी.नंतरचे काम, पदवीच्या पोरांना ते कुठे झेपणार, असे आपल्याकडे वर्षानुवर्षे धरून चालले. बी.एस्सी.ला प्रॅक्टिकल आणि सही घेतलेले जर्नल असायचे, बी.ए.ला तेही नाही. 1991 च्या न्यायालयीन आदेशातून पुढे पर्यावरणाचा विषय सगळ्यांना सक्तीचा झाला आणि कला-वाणिज्यची मुलेही अहवाल लिहू लागली. मात्र त्यातले बरेचसे अहवाल आदल्या वर्षीच्या वहीवरूनच उतरत.

फरक पडला तो ‘आविष्कार’मुळे. 2006 पासून राज्यभरातल्या विद्यापीठांत ही संशोधन स्पर्धा होऊ लागली. त्यात पदवीचा गट वेगळा ठेवला, हा निर्णय फार मोलाचा होता. एस.वाय.च्या मुलीला पीएचडी करणाऱ्याशी टक्कर द्यायची नव्हती, तिच्या बरोबरीच्यांशीच द्यायची होती. आधी विभागीय फेरी, मग विद्यापीठाची, मग राज्याची. ऑक्टोबर उजाडला की ठाणे, वाशी, नेरूळ, पनवेलच्या कॉलेजांत पोस्टरची धावपळ सुरू व्हायची.

या भागातल्या मुलांना विषय शोधायला लांब जावे लागत नाही. एका काठाला ठाणे, दुसऱ्या काठाला 1960 च्या दशकापासून वाढलेला ठाणे-बेलापूर कारखान्यांचा पट्टा आणि मध्ये खाडी. ओहोटीला पाण्याची बाटली बुडबुडा न राहू देता भरायची आणि जागेवरच तिच्यात मँगनीज सल्फेट आणि अल्कलाइन आयोडाइड टाकायचे. साका तपकिरी झाला तर पाण्यात ऑक्सिजन आहे, पांढराच राहिला तर जवळजवळ नाही. ऑक्सिजन नेमका किती हे मोजण्याचे पुढचे टायट्रेशन प्रयोगशाळेत होते, पण खाडीची अवस्था त्या मुलाला काठावरच दिसलेली असते. 2015 मध्ये खाडीचा एक भाग फ्लेमिंगो अभयारण्य झाला, 2022 मध्ये त्याला रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. अभयारण्य झाल्यापासून त्याच्या हद्दीत नमुने घ्यायचे तर आधी परवानगीचा अर्ज आला आणि त्यात अर्धे सत्र जाऊ शकते.

मानव्यविद्यांच्या वाट्याला मात्र कमीच आले. स्पर्धेच्या सहा गटांपैकी एकाच गटात भाषा, समाजशास्त्र, इतिहास आणि ललित कला कोंबलेल्या. नवी मुंबईसाठी 1970 पासून 95 गावांच्या जमिनी घेतल्या गेल्या, त्या बदल्यात परत मिळायच्या साडेबारा टक्क्यांच्या भूखंडांचे प्रश्न आजही घरोघरी आहेत. घणसोलीची मुलगी आपल्याच आजीकडून आगरी बोलीत भातशेतीची हकीकत नोंदवून आणते, तेव्हा ती दुसऱ्या कुणाला सहज न मिळणारे साधन आणत असते. परीक्षक तिला पहिला प्रश्न विचारतात, सॅम्पल साइज, म्हणजे किती जणांना विचारले? हा प्रश्न मुलाखतींवरच्या कामाला जसाच्या तसा लावणे चूकच आहे.

2020 च्या शैक्षणिक धोरणाने संशोधन स्पर्धेतून थेट पदवीतच आणले. राज्यात स्वायत्त महाविद्यालयांत 2023-24 पासून आणि संलग्न महाविद्यालयांत 2024-25 पासून नवा आराखडा लागू झाला. तीन वर्षांत क्षेत्रप्रकल्प आणि प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण आहे. चौथे वर्ष घेणाऱ्यांसाठी दोन वाटा आहेत, साधी ऑनर्स आणि संशोधनासह ऑनर्स. दुसरीत 12 क्रेडिटचा संशोधन प्रकल्प आहे.

वाद आहे तो या दुसऱ्या वाटेच्या दारावर. पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के असतील तरच ती खुली. शिवाय आणखी एक 75 आहे आणि स्टाफरूममध्येही या दोन्हींची गल्लत होते. 2022 च्या पीएचडी नियमांनुसार चार वर्षांच्या पदवीनंतर थेट पीएचडीला जायचे तर पूर्ण पदवीत 75 टक्के लागतात, आणि तिथे राखीव प्रवर्गांना 5 टक्के सवलत आहे. पहिली अट सहाव्या सत्राअखेरची, दुसरी आठव्या. पहिली हुकली म्हणून दुसरीही गेली, असे मुलांना सांगितले जाते. ते खरे नाही.

अटीच्या बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे असे की मार्गदर्शक थोडे आहेत, चाळण लागणारच. त्यात तथ्य आहे. एका प्राध्यापकाकडे पाच-सहा प्रकल्पांपलीकडे नीट लक्ष देता येत नाही. पण चाळणीचे भोक चुकीच्या आकाराचे आहे. लेखी परीक्षेतले गुण स्मरणशक्ती आणि वेग मोजतात. चिकाटीने खाडीवर जाणारा, रीडिंग चुकले तर पुन्हा घेणारा मुलगा 64 टक्क्यांवरही असतो. घरी ट्यूशन घेऊन, दुपारी दुकानात बसून शिकणाऱ्या मुलांचे गुण कुठे अडतात, हे कळवा-दिव्याहून येणाऱ्या वर्गाला शिकवणाऱ्यांना ठाऊक आहे. ‘आविष्कार’ला गुणांची अट कधी आडवी आली नाही, प्रस्ताव पाहिला जायचा. चौथ्या वर्षासाठीही लेखी प्रस्ताव आणि तोंडी चर्चा ठेवता आली असती.

संलग्न महाविद्यालयांची पहिली तुकडी चौथ्या वर्षाला पोहोचेल ती 2027-28 मध्ये. त्याआधी, टी.वाय.च्या सुरुवातीलाच, मुलांना दोन्ही अटी कागदावर लिहून द्यायला हव्यात, आणि ज्या विभागात संशोधनाची वाट उघडणारच नाही, त्याने तसे प्रवेशाच्या वेळी सांगायला हवे.