मुदत नसलेली स्वप्ने

कंटाळवाणे किंवा त्रासदायक काम माणूस टाळतो, यात नवल नाही. नवल आहे ते असे, की ज्या गोष्टी करण्याची मनापासून ओढ असते, त्याही वर्षानुवर्षे पुढे ढकलल्या जातात. दूरच्या प्रदेशातला प्रवास, एखादे वाद्य शिकणे, आवडीच्या क्षेत्रात नव्याने सुरुवात करणे अशी स्वप्ने कोणी सोडून दिलेली नसतात, पण ‘यंदा नको, पुढच्या वर्षी’ असे म्हणता म्हणता ती तशीच राहतात. पैशांची चणचण, घरातल्या आजारी माणसाची जबाबदारी, न मिळणारी रजा ही कारणे खरी आहेत, आणि त्यांच्यापुढे अडलेल्या माणसाला आळशी ठरवणे अन्यायाचे आहे. मात्र हे अडथळे दूर झाल्यावरही अनेकांचे पाऊल उचलले जात नाही. या उरलेल्या भागाविषयी मानसशास्त्राने गेल्या काही दशकांत बरेच काही शोधून काढले आहे.

सुझान शू आणि आयेलेट ग्नीझी या संशोधिकांनी 2010 साली नेमका हाच प्रश्न हाती घेतला. त्यांनी काही जणांना एका केकच्या दुकानाची भेट-कूपने दिली. काहींच्या कूपनाची मुदत तीन आठवडे होती, तर काहींची दोन महिने. मुदत जास्त असलेल्यांना कूपन आपल्याकडून नक्की वापरले जाईल असा अधिक विश्वास होता, पण प्रत्यक्षात कूपन वापरणाऱ्यांचे प्रमाण त्यांच्यातच कितीतरी कमी निघाले. शिकागोसारख्या शहरांतील प्रेक्षणीय स्थळांबाबतही त्यांना हेच दिसले. थोड्या दिवसांसाठी आलेले पर्यटक जितकी स्थळे पाहून जातात, तितकी तिथे राहायला आलेल्यांकडून पहिल्या वर्षभरातही पाहून होत नाहीत. शहर सोडून जायची वेळ जवळ आली, की मात्र हेच रहिवासी राहिलेली ठिकाणे पाहण्याची घाई करतात. स्थळांविषयीची आवड किंवा तिथवरचे अंतर यात काहीच बदललेले नसते. बदललेली असते ती फक्त हाताशी उरलेल्या वेळेची जाणीव. माझ्या मते या विषयातला हा सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष आहे, कारण प्रवासाच्या आणि आयुष्याच्या बहुतेक स्वप्नांना कोणतीही मुदत नसते.

पण पुढे वेळ मिळेलच, असे आपल्याला इतक्या ठामपणे का वाटते? गल झौबरमन आणि जॉन लिंच यांनी 2005 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून असे दिसले, की भविष्यात आपल्याकडे आजच्यापेक्षा अधिक मोकळीक असेल, असे लोक गृहीत धरतात, आणि हा गैरसमज पैशांपेक्षा वेळेच्या बाबतीत अधिक मोठा असतो. पुढच्या महिन्यातही आपला खर्च साधारण एवढाच असेल, हे आपण ओळखून असतो. पण पुढच्या वर्षातले दिवस डोळ्यांसमोर येतात ते रिकामे, कारण त्या दिवसांवर कोणकोणती कामे येऊन पडणार आहेत, याची आज कल्पना नसते. अनुभवाने माणूस शहाणा व्हायला हवा, पण तेही घडत नाही. प्रत्येक दिवशी वेळ खाणारे कारण निराळे असते, त्यामुळे ‘आजचा दिवस अपवादाचा होता’ असेच दर वेळी वाटत राहते.

याच्या जोडीला काळाच्या अंतराचा परिणाम असतो. याकोव ट्रोप आणि निरा लिबरमन यांच्या सिद्धांतानुसार दूरच्या घटनेचा विचार आपण तिच्या हेतूच्या अंगाने करतो, तर जवळच्या घटनेचा विचार तिच्या तपशिलांच्या अंगाने. दोन वर्षांनी करायचा प्रवास म्हणजे मोकळेपणा, निसर्ग, नवी माणसे. तोच पुढच्या महिन्यावर आला, की व्हिसा, रजेचा अर्ज, गुडघेदुखी आणि एकटे जाण्याची भीती समोर उभी राहते. स्वप्न पुन्हा लांबणीवर टाकले की तपशील पुसट होतात आणि ते पूर्वीसारखेच लोभस दिसू लागते. म्हणूनच ते पुढे ढकलताना आपण काही गमावत आहोत, असे वाटतच नाही. शॉन मॅक्रे यांनी ट्रोप, लिबरमन आणि स्टीव्हन शर्मन यांच्यासह 2008 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत सहभागी व्यक्तींना प्रश्नावली भरून ठरावीक काळात परत पाठवायची होती. ज्यांना त्या प्रश्नावलीतून एखाद्या कामाचा अमूर्त अर्थ काय, याचा विचार करावा लागला, त्यांची उत्तरे उशिरा आली. ते काम प्रत्यक्ष कसे करावे, याचा विचार करणाऱ्यांनी ती लवकर पाठवली.

स्वप्नरंजनाने उत्साह वाढतो, अशी आपली समजूत असते. हेदर कॅप्स आणि गॅब्रिएले ओएटिंगेन यांचे 2011 सालचे प्रयोग याच्या उलट दिशेने बोट दाखवतात. इच्छा पूर्ण झाल्याचे सुखद चित्र मनात रंगवणाऱ्यांची ऊर्जा, सिस्टॉलिक रक्तदाबाच्या (रक्तदाबाच्या वरच्या आकड्याच्या) मापनानुसारसुद्धा, कमी झालेली आढळली. ध्येय गाठल्याचे समाधान कल्पनेतच मिळाले, की प्रयत्नांसाठी लागणारी तयारी शरीर करत नाही, असे याचे स्पष्टीकरण दिले जाते.

या दिरंगाईची किंमत उशिरा कळते. थॉमस गिलोविच आणि व्हिक्टोरिया मेडवेक यांनी 1990च्या दशकात दाखवून दिले, की नजीकच्या काळात माणसाला केलेल्या चुका जास्त बोचतात, पण मागे वळून संपूर्ण आयुष्याकडे पाहताना न केलेल्या गोष्टींची खंत अधिक असते. त्यातच आपल्या आवडीनिवडी पुढे फारशा बदलणार नाहीत, हेही आपण धरून चालतो. जॉर्डी क्वाडबाख, डॅनियल गिल्बर्ट आणि टिमोथी विल्सन यांनी 2013 साली 19,000पेक्षा अधिक लोकांचा अभ्यास केला. गेल्या दहा वर्षांत आपण खूप बदललो, असे सर्व वयोगटांतील लोकांनी सांगितले, पण पुढच्या दहा वर्षांत आपण तसे बदलू, असे मात्र त्यांना वाटत नव्हते. निवृत्तीनंतरच्या ‘मी’साठी राखून ठेवलेला प्रवास त्या ‘मी’ला हवासा वाटेलच, असे गृहीत धरणे म्हणून धोक्याचे आहे.

उपायांपैकी भक्कम पुरावा आहे तो पीटर गोलविट्झर यांनी मांडलेल्या ‘अमुक वेळ आली, की मी तमुक करीन’ अशा नेमक्या योजनेला. त्यांनी आणि पास्कल शीरन यांनी 2006 साली 94 अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले, तेव्हा अशा योजनेमुळे ध्येयपूर्तीची शक्यता लक्षणीय वाढत असल्याचे दिसले. ‘कधीतरी पर्वत पाहायचे’ याऐवजी ‘रविवारी सकाळी चहा झाला, की रजेच्या तारखा ठरवायला बसायचे’ असा संकल्प केला, की सुरुवात करण्याचा निर्णय त्या क्षणी नव्याने घ्यावा लागत नाही. मुदतीबाबत मात्र सावध राहायला हवे. डॅन अरिएली आणि क्लाउस व्हर्टेनब्रोख यांच्या 2002 सालच्या अभ्यासात स्वतः ठरवलेल्या मुदतींचा उपयोग झाला, पण बाहेरून समान अंतराने घालून दिलेल्या मुदतींइतका नाही. म्हणून तारीख केवळ मनात ठरवण्यापेक्षा सोबत येणाऱ्या माणसाशी बोलून ती पक्की करणे आणि रद्द केल्यास नुकसान होईल असे आरक्षण करून ठेवणे मला अधिक शहाणपणाचे वाटते, कारण अशी तारीख एकट्याच्या मर्जीने सहज पुढे सरकवता येत नाही.